चमकतं ते सगळं होलोग्राम नसतं

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज मी पुण्यातल्या रूमवरून नाही, थेट घरून बोलतोय, कारंजा लाडवरून. मागे गाड्यांचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या.

विषय सापडला तो बाबांच्या मोटारसायकलच्या नवीन नंबर प्लेटमुळे. आपल्या राज्यात १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता ती हाय सिक्युरिटी प्लेट लावावी लागते. तर आमची एमएच-३७ वाली गाडी प्लेट लावून घरी आली. बाबा वाकून बघत होते. डाव्या कोपऱ्यात वर एक छोटं चौकोनी अशोकचक्र आहे, गाडी हलवली की रंग बदलतं. बाबा म्हणाले, "हे चमकते नं, म्हणून असली असन."

हे वाक्य ऐकून मी गप्पच बसलो. कारण हेच वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. काही वर्षांपूर्वी सोयाबीनवर अळी आली, बाबांनी एका दुकानातून औषध आणलं. बाटलीवर चकचकीत स्टिकर होतं. "चमकते, म्हणजे कंपनीचंच आहे." फवारणी केली, अळी जशीच्या तशी. दुसरी फवारणी केली, तरी तेच. औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली आणि हाती आलेलं पीकही. ते औषध नकली होतं हे आम्हाला कधीच सिद्ध करता आलं नाही, कारण पक्कं बिल नव्हतं. पण बाटली मी ठेवून दिली होती. नंतर तिच्यावरचं स्टिकर नीट पाहिलं, तर तो होलोग्राम नव्हताच. राखीच्या दुकानात मिळतो तसला इंद्रधनुषी कागद, आणि त्यावर शाईने छापलेली अक्षरं.

म्हणून आजचा प्रश्न: होलोग्राम म्हणजे नेमकं काय? आणि त्याच्यातूनच प्लास्टिकचा लेझर कसा निघाला?

तलावातले दोन दगड

आमच्या इथे ऋषी तलाव आहे. पाणी शांत असताना दोन दगड थोड्या अंतरावर टाका. दोन्हीकडून लाटांची वर्तुळं निघतात आणि एकमेकांत शिरतात. काही ठिकाणी लाट दुप्पट उंच होते, काही ठिकाणी पाणी जवळपास हलतच नाही. उंच आणि शांत जागांची एक नक्षी तयार होते.

प्रकाशही लाटच आहे. एकाच लेझरचे दोन भाग करायचे. एक भाग वस्तूवर पाडायचा, उदाहरणार्थ चक्रावर, आणि तिथून उसळलेला प्रकाश फिल्मवर येऊ द्यायचा. दुसरा भाग थेट फिल्मवर पाडायचा. दोघं भेटतात तिथे उजेड आणि अंधाराच्या अतिशय बारीक रेषा पडतात. त्या रेषा फिल्ममध्ये पक्क्या केल्या की झाला होलोग्राम. नंतर त्याच्यावर प्रकाश पडला की रेषा त्याला अशा वळवतात, की जणू ती वस्तू अजूनही मागे उभी आहे.

ही कल्पना डेनिस गॅबर यांना १९४७ मध्ये सुचली, पण तेव्हा लेझर नव्हता. लेझर आला १९६० मध्ये, आणि मग होलोग्रामची गाडी सुटली. गॅबरना १९७१ मध्ये नोबेल मिळालं.

प्लास्टिकमध्ये रेषा कशा पक्क्या होतात?

दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिली, ठसा मारायची. आधी एक मूळ नक्षी तयार करतात, तिच्यावरून निकेल धातूचा साचा बनवतात आणि तो गरम करून प्लास्टिकच्या फिल्मवर दाबतात. वर धातूचा पातळ थर देतात म्हणून ती चकाकते. मास्टरकार्डने १९८३ मध्ये कार्डावर होलोग्राम आणला तो असाच. आपण रोज पाहतो ते बहुतेक ह्याच जातीचे. साचा एकदा झाला की लाखो ठसे निघतात, म्हणून स्वस्त.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते: फोटोपॉलिमर. ह्यात फिल्मच्या आत छोटे छोटे रेणू मोकळे फिरत असतात. उजेड पडला की ते एकमेकांना धरून साखळ्या बनवतात.

आता मे महिन्यातलं आपल्याकडचं लग्न आठवा. मांडवात जिथे कूलर, तिथे पाहुणे खुर्च्या सरकवून पक्के बसतात. मग मोकळी जागा शोधत बाकीचेही हळूहळू तिकडेच सरकतात. थोड्या वेळाने कूलरसमोर गर्दी आणि मधल्या पट्ट्या रिकाम्या. फोटोपॉलिमरमध्ये उजेडाची रेषा म्हणजे कूलर. तिथले रेणू साखळीत अडकतात, अंधारातले रेणू तिकडे सरकतात, आणि फिल्मच्या पूर्ण जाडीत दाट-विरळ, दाट-विरळ असे थर तयार होतात. शेवटी सगळ्या फिल्मवर एकसारखा उजेड टाकायचा, म्हणजे उरलेले रेणूही जागेवर पक्के होतात. ह्यात कुठे काही कोरलेलं नसतं, वरून हात फिरवला तर फिल्म गुळगुळीत लागते. म्हणूनच तिचा साच्याने ठसा घेऊन नक्कल करणं जमत नाही.

ह्यातच एक कमाल आहे. वस्तू म्हणून चक्राऐवजी भिंगातून आलेला प्रकाश वापरला, तर ती फिल्म स्वतःच भिंगासारखी वागते! कागदासारखी पातळ, पण प्रकाश एका बिंदूवर गोळा करते. तशीच आरशासारखी वागणारी फिल्मही बनवता येते, जी फक्त एकच रंग परतवते आणि बाकी सगळं आरपार जाऊ देते. गाडीच्या काचेवर वेग दाखवणं किंवा चष्म्याच्या काचेवर नकाशा दाखवणं, ह्यासाठी अशा फिल्म्स वापरल्या जातात.

आता लेझर

लेझर म्हणजे काय, ते मांडवातच समजून घेऊ. माइक स्पीकरच्या समोर नेला की काय होतं? कुंईईई! आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन स्पीकरमधून निघतो, परत माइकमध्ये शिरतो. शेवटी एकच सूर उरतो, कानठळ्या बसवणारा. लेझरही तसाच. प्रकाश मोठा करणारा पदार्थ मधे आणि दोन बाजूंना आरसे. प्रकाश इकडून तिकडे फिरत मोठा होतो आणि एकच रंग जिंकतो.

इथे आपल्या मातीतलं एक नाव. १९३८ मध्ये बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून १९५८ मध्ये पदवी घेतलेले सी. के. एन. पटेल. त्यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६४ साली कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. लग्नाच्या स्टेजवरचं नावाचं कटिंग, दारावरची अ‍ॅक्रिलिकची पाटी, हे सहसा ह्याच जातीच्या लेझरने कापतात.

ह्याच बेल लॅब्जमध्ये १९७१ साली कोगेलनिक आणि शँक ह्या दोघांनी विचारलं, आरसे लागतातच कशाला? त्यांनी काचेवर जिलेटिनचा पातळ थर घेतला. हो, तेच, जेली बनवतात ते. जिलेटिन हासुद्धा पॉलिमरच. त्यात होलोग्रामसारख्या बारीक रेषा प्रकाशाने उमटवल्या आणि रोडामाइन नावाचा रंग मुरवला. रोडामाइनचा एक भाऊ तुम्हाला माहीत असेल. 'बुढ्ढी के बाल'मध्ये तो सापडल्यामुळे २०२४ मध्ये तामिळनाडू आणि कर्नाटकने कारवाई केली होती. खायला घातक, पण प्रकाश मोठा करायला उत्तम.

बाहेरून दुसऱ्या लेझरचा झोत टाकला आणि त्या थरातून लेझर निघाला. आरसा कुठेच नाही. प्रत्येक रेषा थोडा थोडा प्रकाश मागे ढकलत होती, हजारो रेषांचं मिळून आरशाचं काम झालं. जी नक्षी होलोग्राममध्ये चित्र दाखवते, तीच इथे लेझरचा रंग ठरवते.

रेषा किती बारीक? हिशोब सोपा आहे. ६३० नॅनोमीटरचा लाल रंग हवा आणि फिल्मचा अपवर्तनांक १.५ असेल, तर ६३० ला १.५ च्या दुपटीने, म्हणजे ३ ने भागा. दोन रेषांमधलं अंतर आलं २१० नॅनोमीटर. केसाची जाडी ७० मायक्रॉन धरली तर तेवढ्यात तीनशेच्या वर रेषा बसतात. अंतर बदला, लेझरचा रंग बदलतो.

मग मोबाईलमध्ये प्लास्टिकचा लेझर का नाही?

रास्त प्रश्न. तुमच्या फोनची स्क्रीन अ‍ॅमोलेड असेल, तर तिच्यात विजेवर उजळणारा सेंद्रिय थर आहेच. ओलेडचा पाया कोडॅक कंपनीत टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये घातला. १९९६ मध्ये अशा पॉलिमर फिल्ममधून लेझरही निघाला, पण बाहेरून प्रकाश टाकून. थेट विजेवर चालवायचं तर अडचणी सुरू होतात. ह्या पदार्थांत वीज सावकाश वाहते, लेझरला मात्र प्रचंड करंट लागतो. वीज द्यायला लावलेला धातूच प्रकाश गिळतो. शिवाय विजेने जागे झालेले बरेचसे रेणू प्रकाश द्यायचं सोडून तसेच अडकून बसतात आणि उलट प्रकाश शोषतात.

२०१९ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या अदाची यांच्या गटाने थेट विजेवर चालणारा सेंद्रिय लेझर दाखवला. २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने वेगळी युक्ती केली: अतिशय तेजस्वी ओलेड आणि पॉलिमरचा लेझर एकमेकांना चिकटवले. वीज ओलेडला, ओलेडचा प्रकाश लेझरला. दुकानात यायला वेळ आहे, पण रस्ता सापडलाय.

घरी करून बघा

आता परत बाबांच्या बाटलीकडे. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि स्टिकर हळूहळू तिरकं करत जा.

एक: चित्र प्रकाशातून बनलंय की शाईतून? खऱ्या होलोग्राममध्ये कोन बदलला की चित्र स्वतः बदलतं, हलतं किंवा गायब होतं. शाईची अक्षरं मात्र प्रत्येक कोनातून तशीच दिसतात, रंग फक्त मागे खेळतात.

दोन: डावी-उजवीकडे हलवून बघा. काही होलोग्राममध्ये खोली दिसते, मागची गोष्ट पुढच्या गोष्टीआडून सरकते. पण खोली नाही म्हणून लगेच नकली ठरवू नका, सपाट होलोग्रामही असतात.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: होलोग्राम खरा असला तरी माल खराच असेल असं नाही. ठशाचे होलोग्राम बनवून घेणारे नकलीवालेही असतात. म्हणून बियाणं असो की औषध, पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर लिहून घ्या आणि पिशवी, टॅग, बाटली हंगाम संपेपर्यंत ठेवा. गडबड वाटली तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करताना हेच कामाला येतं. आमच्याकडे तेव्हा बिल नव्हतं, तिथेच आम्ही अडकलो.

काल बाबांना अंधाऱ्या खोलीत बसवून जुनी बाटली दाखवली आणि मग टॉर्च घेऊन गाडीजवळ नेलं. चक्र तिरकं करून पाहिलं, बाटलीवरचं स्टिकर पाहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तेव्हाच काहून नाही सांगितलं बे?"

तेव्हा मलाही माहीत नव्हतं, मंडळी. तुम्हाला आता माहीत आहे. घरात जो कोणी बियाणं-औषध आणतो, त्याला हा एपिसोड ऐकवा. आणि टॉर्चखाली तुमच्या स्टिकरमध्ये काय दिसलं, ते व्हॉइस नोट करून मला पाठवा. भेटू पुढच्या वेळी!