सरकता जिना नकाशावर कसा मांडतात?

समजा, तुम्ही आंजी (मोठी)हून नागपूरला निघालात आणि सोबत गुडघे दुखणारी आजी आहे. सीताबर्डी मेट्रो स्टेशनात तिला झेपेल अशी वाट हवी. ती नकाशा दाखवू शकेल का?

२००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जिना म्हणजे एक रेषा; तिला ‘हायवे=स्टेप्स’ हा टॅग लावतात. सरकत्या जिन्याचा स्वतंत्र प्रकार नाही. त्याच रेषेवर ‘कन्व्हेइंग’ हा टॅग वाढवतात. ‘फॉरवर्ड’ म्हणजे रेषा ज्या दिशेने काढली त्या दिशेने, ‘बॅकवर्ड’ म्हणजे उलट. जिना वर जातो की खाली, हे ‘इन्क्लाइन’ सांगतो. पायऱ्यांची संख्या, रेलिंग, रॅम्प यांचेही टॅग आहेत. लिफ्ट मात्र वेगळी नोंदवतात.

खरी गोम पुढे आहे. ‘कन्व्हेइंग’ टॅगच नसेल, तर जिना साधा आहे, की कुणी नोंदवलंच नाही? नुसता डेटा बघून ते कळत नाही. रिकाम्या जागेला ‘नाही’ समजलात, तर निष्कर्ष तिथेच घसरतो. म्हणून विश्लेषणाआधी ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ असे तीन गट करा. आणि थोडे तरी जिने स्वतः जाऊन बघा.