पांडेसऱ्याचे पाणी काश्मिरात

सुरतच्या पांडेसरा औद्योगिक वसाहतीत पाणी भेटते ते बहुधा तापलेले, नाहीतर वाफेच्या रूपाने. कापड रंगविण्याच्या आणि छापण्याच्या कारखान्यांतील बॉयलर रात्रंदिवस चालू असतात. या भागात आणि शेजारच्या उधना, लिंबायत येथे खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. ऐन थंडीतसुद्धा सुरतेत रात्रीचे तपमान साधारणपणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. टाकीतील पाणी गोठून टाकी फुटते, हे येथील माणसाने फार तर ऐकलेले असते. परंतु सुरतेचे कापड देशाच्या सर्व भागांत जाते, आणि जो ट्रक डिसेंबर-जानेवारीत जम्मूहून श्रीनगरकडे चढू लागतो, त्याच्या चालकाला ही गोष्ट घर सोडण्यापूर्वीच ठाऊक असली पाहिजे.

ट्रकवर पाणी तीन ठिकाणी असते. एक इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरमध्ये, दुसरे समोरची काच धुण्याच्या लहान टाकीत आणि तिसरे सांगाड्याला बांधलेल्या पिंपात किंवा कॅनमध्ये. पहिल्या दोहोंसाठी गोठण रोखणारे द्रव बाजारात मिळतात आणि ते घालण्याचे काम बहुधा मिस्त्री करतो. तिसऱ्या पाण्याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. चालक आणि क्लीनर यांचे हातपाय धुणे, तोंड धुणे, भांडी घासणे हे सर्व त्याच पाण्यावर चालते. म्हणून विचार करावयाचा तो या तिसऱ्या पाण्याचा.

काश्मिरात २१ डिसेंबरच्या सुमारास चाळीस दिवसांचा कडक हिवाळा सुरू होतो. त्याला तेथील लोक 'चिल्लई कलान' म्हणतात. या दिवसांत घरांतील नळ गोठतात आणि दल सरोवराच्या काठावर बर्फाची साय धरते. डिसेंबर २०२४ मध्ये श्रीनगरचे तपमान एका रात्री उणे ८.५ अंशांपर्यंत उतरले होते. त्यातच बर्फ पडून किंवा दरडी कोसळून महामार्ग बंद होतो आणि ट्रकांच्या रांगा कधी कधी कित्येक दिवस जागच्या जागी उभ्या राहतात. अशा वेळी डिझेलने माखलेले हात न धुता भाकरीला लावावे लागणे, ही केवळ गैरसोय नव्हे. आजाराला दिलेले ते निमंत्रणच आहे.

पाणी लवकर गोठावे यासाठी काय करावे, हे आपल्या देशातील लोकांना फार पूर्वीपासून माहीत होते. अलाहाबाद, म्हणजे आजच्या प्रयागराज, येथे जमिनीत खड्ड्यांची रांग करून बर्फ तयार केला जात असे. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत त्याची हकीकत दिली आहे. सुमारे दोन फूट खोल खड्ड्यात उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे पसरीत. त्यांवर मातीची उथळ, सच्छिद्र भांडी मांडून त्यांत संध्याकाळी थोडे थोडे पाणी ओतीत. आकाश निरभ्र आणि हवा स्तब्ध असली, म्हणजे पहाटे त्या भांड्यांत बर्फ सापडे. आसपासच्या हवेत मात्र पाणी गोठण्याइतकी थंडी पुष्कळदा नसे.

असे का होत असे? निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे टाकीत असते आणि हवेपेक्षाही थंड होते. ताटांच्या थरामुळे जमिनीची ऊब भांड्यापर्यंत पोहोचत नाही. पाणी थोडे आणि पसरट असल्यामुळे त्याची उष्णता लवकर संपते. सच्छिद्र भांड्यातून झिरपणारे पाणी वाफ होऊन उरलेल्याला आणखी थंड करते, जसे उन्हाळ्यात आपल्या माठात घडते. सातपुड्यात तोरणमाळच्या बाजूला किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे गवतावर आणि मोटारींच्या टपांवर दहिवर गोठलेले दिसते, त्याचेही मुख्य कारण हेच होय.

अलाहाबादच्या कारागिरांनी जे जे केले, त्याच्या नेमके उलट ट्रकचालकाने करावयाचे आहे. ते पाणी उघड्यावर ठेवीत. चालकाने ते झाकून आणि आडोशाला ठेवावे. टपावर किंवा मागच्या फळीला टांगलेला कॅन सर्वांत आधी गोठतो. चालकाच्या खोपट्यात, आसनामागे ठेवलेला सर्वांत शेवटी. ते पाणी थोडे व पसरट ठेवीत. चालकाने चार लहान बाटल्यांऐवजी एका मोठ्या कॅनमध्ये साठवावे. ते पाणी झिरपू देत. चालकाने कॅनवर गोधडी किंवा पोते गुंडाळावे, पण ते कोरडे असल्याची खात्री करून घ्यावी. ओले पोते माठासारखे काम करते. वाहत्या वाऱ्याने उष्णता झपाट्याने निघून जाते, म्हणून कॅन धावत्या गाडीच्या वाऱ्यातही असू नये.

गोधडी स्वतः ऊब देत नाही. ती आतली ऊब बाहेर जाण्यास उशीर लावते, इतकेच. परंतु हा उशीरही पुष्कळ उपयोगी पडतो. वीस लिटर पाणी १० अंशांवरून शून्यावर येताना २०० किलोकॅलरी उष्णता सोडते. पण शून्यावर आल्यानंतर ते सर्वच्या सर्व गोठावयास आणखी १६०० किलोकॅलरी निघून जाव्या लागतात. म्हणजे पाणी थंडगार होणे सोपे आणि त्याचा पुरता दगड होणे अवघड. झाकलेला मोठा कॅन बहुधा एक रात्र निभावून नेतो.

मग फुटते काय? गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. शंभर लिटर पाण्याचा जवळजवळ एकशे नऊ लिटर बर्फ होतो. भांडे काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलेले असेल, तर या वाढीला जागा उरत नाही आणि लोखंडसुद्धा तडकते. म्हणून टाकी तीन-चतुर्थांशच भरावी. त्याहून नाजूक जागा म्हणजे टाकीखालची बारीक नळी आणि तिची तोटी. तेथे पाणी अगदी थोडे आणि भोवती सर्व धातू. त्यामुळे टाकीत पाणी खळखळत असताना तोटी मात्र गच्च गोठलेली असते. यावर उपाय सोपा आहे. टाकीच्या तळाशी एक चावी बसवून घ्यावी. रात्री मुक्कामाला ती बंद करावी आणि खालची तोटी उघडून नळी रिकामी करावी. पंप असल्यास त्यातील पाणीही काढावे. नळीत पाणीच नसेल, तर गोठेल काय आणि फुटेल काय? थंडी फारच वाढेल असे दिसले, तर सगळी टाकीच ओतून टाकावी आणि पुरेसे पाणी थर्मासमध्ये भरून जवळ ठेवावे. मात्र ओतलेले पाणी गाडीच्या पायरीखाली सांडू नये; पहाटे तेथे काच झालेली असते आणि खाली उतरणाऱ्याचा पाय हमखास घसरतो.

पाण्यात काही मिसळावे काय, हा प्रश्न नेहमी निघतो. मिठाने पाणी उशिरा गोठते हे खरे. परंतु समुद्राइतके खारट पाणीही उणे दोन अंशांच्या आसपास गोठतेच. त्यापुढे जाण्यासाठी इतके मीठ घालावे लागते की टाकी गंजते आणि थंडीने फुटलेल्या हातांची आग होते. रेडिएटरसाठी मिळणाऱ्या द्रवात बहुधा इथिलीन ग्लायकोल असते. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकोल असे मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली टिकते; परंतु ते विष आहे, आणि चवीला गोड असलेले विष आहे. धुण्याच्या कॅनमध्ये ते कधीही घालू नये. आज हात धुण्याचे असलेले पाणी उद्या रस्ता बंद पडल्यावर चहाच्या भांड्यात जाते, हे विसरून चालणार नाही. त्या द्रवाचा रिकामा डबाही पाण्यासाठी वापरू नये.

इतके करूनही तोटी गोठलीच, तर घाई करू नये. पेटता बोळा किंवा स्टोव्ह नळीखाली धरू नये. शेजारी डिझेलची टाकी असते, आणि एकाएकी तापलेली नळी तडकते. तोटी आधी उघडावी आणि गरम पाण्यात पिळलेले फडके तिच्यावर ठेवावे. मग हळूहळू टाकीकडे सरकत जावे. तोंडाकडून सुरुवात केली म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडावयास वाट मिळते. शेगडी पेटवून बंद खोपट्यात झोपणे तर सर्वस्वी टाळावे. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपेत असलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. पाणी गोठले तर सकाळी वितळविता येते.

या सर्व खबरदारीला खर्च थोडा आणि तयारी मात्र आधीची लागते. एक चावी, एक मोठा कॅन, एक जुनी गोधडी आणि एक थर्मास हे सामान पांडेसऱ्याच्या कोणत्याही गल्लीत मिळते. बनिहालच्या चढावर, बर्फाच्या वर्षावात, ते शोधीत फिरता येत नाही. म्हणून गाडीत गाठी चढत असतील त्याच वेळी चालकाने आपल्या पाण्याची टाकी एकदा वाकून पाहावी. ती काठोकाठ भरलेली असेल, तर चौथा हिस्सा तेथेच ओतून टाकावा.