जाम झालेला ब्रेक : निदान आणि उपाय

मुंबईचा पावसाळा एका जागीं उभी राहून काढलेली जुनी पद्मिनी दसऱ्याच्या पूजेसाठीं बाहेर काढावी, इंजिन सुरू व्हावें, आणि गाडीनें मात्र जागचें हलूं नये, हा अनुभव जुनी मोटार बाळगणाऱ्या घरांना नवा नाहीं. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली ही गाडी २०२३ मध्यें मुंबईच्या टॅक्सी-धंद्यांतून निवृत्त झाली. परंतु हौसेनें ती जपणारीं कुटुंबें अजून आहेत. अशा वेळीं जोर लावून गाडी ओढण्याचा मोह होतो. पुष्कळदां ती सुटतेही. परंतु अर्धवट सुटलेला ब्रेक हा मुळींच न सुटलेल्या ब्रेकहून अधिक घातक होय.

घासणाऱ्या ड्रमची उष्णता ब्रेक-ऑइलपर्यंत पोंचते. डॉट ३ प्रतीचें ताजें ऑइल २०५ अंश सेंटिग्रेडच्या आंत उकळत नाहीं. परंतु हवेंतील ओलावा शोषून घेणें हा त्याचा धर्म असल्यामुळें जुनें ऑइल १४० अंशांच्या सुमारासही उकळूं शकतें. उकळलें कीं वाफ होते, आणि पायाचा सारा जोर ती वाफ दाबण्यांतच खर्च होतो. मग जो ब्रेक सुटत नव्हता तोच ऐन उतारावर लागेनासा होतो.

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम-ब्रेक आहेत. पायाचा दाब मास्टर सिलिंडरांतून ऑइलच्या द्वारें चाकाजवळच्या सिलिंडरांत जातो. तेथील पिस्टन शू ड्रमवर दाबतात, आणि पाय काढतांच स्प्रिंगा ते मागें ओढतात. म्हणून निदानाचा प्रश्न एकच : अडकलें आहे तें काय, ऑइलचा दाब कीं लोखंड?

गाडी सपाट जागीं घेऊन इतर चाकांना ठोकळे लावावे, जॅकनें चाक उचलावें आणि खालीं भक्कम स्टँड द्यावा. नंतर त्या चाकाचा ब्लीडर निपल किंचित् सैल करावा. ऑइल जोरानें बाहेर आलें आणि चाक मोकळें झालें, तर दाब अडकला होता असें समजावें. एकच चाक धरत असेल तर त्याचा रबरी होज आंतून फुगलेला असण्याचा संभव अधिक. चारही धरत असतील तर मास्टर सिलिंडर तपासावा, आणि पेडलला थोडी ढील आहे ना, हें प्रथम पाहावें. ती नसेल तर ऑइल परत जाण्याचें छिद्र बंदच राहतें.

निपल सोडूनही चाक फिरलें नाहीं, तर दोष लोखंडाचा : गंजलेला पिस्टन, ड्रमला चिकटलेले शू, तुटलेली स्प्रिंग, किंवा मागच्या चाकांना जोडलेली हँडब्रेकची केबल. अ‍ॅडजस्टर सैल करून लाकडी हातोड्यानें ड्रम सभोंवार ठोकावा, म्हणजे तो निघतो. आंतील धूळ फुंकूं नये. जुन्या लायनिंगांत अ‍ॅस्बेस्टॉस असूं शकतो. ती ओल्या फडक्यानें टिपावी. सिलिंडरला खड्डे पडले असतील तर तो बदलावाच. नुसता डाग असेल तर साफ करून नवे रबर घालावे. रबराला रॉकेल किंवा पेट्रोल लावूं नये. त्यानें तें फुगतें आणि ब्रेक पुन्हा धरतो.

शेवटीं नवें ऑइल भरून सर्व चाकांतील हवा काढावी, आणि रिकाम्या रस्त्यावर सावकाश चालवून पाहावें. थांबल्यावर एकच चाक इतरांहून अधिक गरम लागलें, तर दोष अजून गेलेला नाहीं. आणि तो जाईपर्यंत त्या गाडींत घरच्या माणसांना बसवूं नये.