डबल बासवादक

डबल बासवादक : पाश्चात्त्य संगीतातील गजाने वाजविण्याच्या वाद्यांपैकी सर्वांत मोठे व सर्वांत खालच्या स्वराचे वाद्य म्हणजे डबल बास. अभिजात वाद्यवृंदाचा तसेच जॅझ संगीताचा पाया या वाद्याच्या स्वरांवर उभा असतो. तथापि दीर्घकाळ ते केवळ साथीचे वाद्य मानले गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ज्या वादकांनी त्याला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांतील प्रमुखांचा परिचय येथे दिला आहे. यांपैकी अनेक जण प्रथम दुसऱ्याच वाद्याचे वा कलेचे साधक होते आणि परिस्थितीच्या रेट्याने डबल बासकडे वळले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

वाद्याचे स्वरूप व अडचणी : हे वाद्य सु. १·८ मी. उंच असते व ते उभ्याने किंवा उंच स्टुलावर बसून वाजवितात. त्याला सामान्यतः चार तारा असतात. व्हायोलिनच्या लगतच्या दोन तारांत षड्ज-पंचमाचे अंतर असते, तर डबल बासच्या तारांत ते षड्ज-मध्यमाचे असते. याचे कारण तारेच्या लांबीत आहे. वाजती तार एक मीटरहून अधिक लांब असल्याने पट्टीच्या वरच्या टोकाकडे, म्हणजे खालच्या स्वरांच्या भागात, तर्जनीपासून करंगळीपर्यंतच्या पसाऱ्यात जेमतेम एक पूर्ण स्वर मावतो. तारा जवळच्या अंतराने लावल्यामुळे हाताची धावपळ काहीशी कमी होते. सर्वांत खालच्या तारेची कंपने दर सेकंदास सु. ४१ असतात. इतक्या खालच्या पट्टीत स्वराचा नेमकेपणा कानाला सहज उमगत नाही. म्हणून बारीकसा बेसूरपणाही वादकाला सतत टाळावा लागतो. पूर्वी तारा आतड्याच्या व जाड असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी तारांचा प्रसार झाला व द्रुत वादन सुकर झाले. पुढे वर्णिलेल्या पहिल्या दोन वादकांनी आपले कौशल्य तीन तारांच्या वाद्यावर व या सुधारणेपूर्वीच सिद्ध केले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

अभिजात परंपरा : दोमेनिको द्रागोनेत्ती (१७६३–१८४६) हा या वाद्याचा पहिला आंतरराष्ट्रीय कीर्तीचा वादक. जन्म व्हेनिस येथे. १७९४ मध्ये तो लंडनला गेला व तेथील ऑपेरागृहाच्या वाद्यवृंदात दाखल झाला. चेलोवादक रॉबर्ट लिंडली याच्याबरोबर त्याने अर्धशतकाहून अधिक काळ एकाच पोथीवरून वादन केले. १७९९ मध्ये व्हिएन्ना येथे त्याने बेथोव्हनची भेट घेतली आणि बेथोव्हनचाच चेलोसाठी लिहिलेला एक सोनाटा त्याच्यासमोर डबल बासवर वाजविला. वादन संपताच बेथोव्हनने त्याला मिठी मारल्याचे सांगतात. यानंतरच्या बेथोव्हनच्या सिम्फनींत डबल बासला जे कठीण व स्वतंत्र भाग आढळतात, त्यांमागे या भेटीची प्रेरणा असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. पाचव्या सिम्फनीच्या तिसऱ्या खंडातील चेलो व डबल बास यांचा द्रुत भाग हे त्याचे ठळक उदाहरण होय. १८४५ मध्ये बॉन येथे बेथोव्हनच्या स्मारकाचे अनावरण झाले, तेव्हा याच सिम्फनीच्या वादनात तेरा डबल बासवादकांचे नेतृत्व ब्याऐंशी वर्षांच्या द्रागोनेत्तीने केले.

जोव्हान्नी बोत्तेसीनी (१८२१–८९) हा इटलीतील क्रेमा गावचा. मुळात तो व्हायोलिन शिकलेला होता. १८३५ मध्ये मिलान येथील संगीत विद्यालयात शिष्यवृत्तीच्या जागा फक्त बसून व डबल बास या दोन वाद्यांसाठी शिल्लक होत्या. घरची परिस्थिती बेताची असल्याने त्याने काही आठवड्यांत डबल बासची तयारी केली व प्रवेश मिळविला. पुढे ‘डबल बासचा पागानीनी’ अशी त्याची ख्याती झाली. तारेला बोटाचा हलका स्पर्श करून निघणारे बासरीसारखे उंच स्वर आणि गायकाप्रमाणे लांबविलेली सुरावट ही त्याच्या शैलीची वैशिष्ट्ये. ऑपेरातील गायनाचे संस्कार त्याच्या रचनांवर स्पष्ट दिसतात. तो कुशल संचालकही होता. व्हेर्दीच्या आयीदा या ऑपेराचा कैरो येथील पहिला प्रयोग (२४ डिसेंबर १८७१) त्याच्याच संचालनाखाली झाला. त्याचे कंचेर्टो आजही डबल बासच्या विद्यार्थ्याला अभ्यासावेच लागतात.

सर्गेई कुसेव्हिट्स्की (१८७४–१९५१) याचा जन्म रशियातील एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. मॉस्को येथे शिकावयास आल्यावर त्यालाही शिष्यवृत्तीसाठीच डबल बास पतकरावा लागला. बोल्शॉय नाट्यगृहाच्या वाद्यवृंदातून त्याने एकलवादक म्हणून यूरोपभर नाव मिळविले. त्याचा डबल बास कंचेर्टो १९०५ मध्ये मॉस्को येथे प्रथम सादर झाला. पुढे तो संचालनाकडे वळला व १९२४ ते १९४९ या काळात अमेरिकेतील बॉस्टन सिम्फनी वाद्यवृंदाचा संचालक होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याचे जुने वाद्य पत्नी ओल्गा हिने १९६०–७० या दशकाच्या प्रारंभी गॅरी कार (जन्म १९४१) या तरुण अमेरिकन वादकास दिले. वाद्यवृंदातील नोकरीचा आधार न घेता केवळ एकलवादनावर कारकीर्द उभारणारा कार हा या वाद्याचा आधुनिक काळातील अग्रणी वादक होय. १९६७ मध्ये त्याने डबल बासवादकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि ते मौल्यवान वाद्य पुढे तिच्याच स्वाधीन केले.

स्त्रियांना या वाद्याच्या पंक्तीत उशिरा स्थान मिळाले. ऑरिन ओब्रायन (जन्म १९३५) ही १९६६ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकमध्ये दाखल झाली, त्या वेळी संपूर्ण वाद्यवृंदात कायम नेमणूक मिळालेली ती एकमेव स्त्री होती. २०२१ मध्ये ती निवृत्त झाली. आपल्या वादनाचा बोलबाला न करता समूहस्वराला बळ देणे, हीच वादकाची कृतार्थता, अशी तिची वृत्ती आहे. इंग्लंडमधील ची-ची न्वानोकू (जन्म १९५६) ही धावपटू होती. गुडघ्याच्या दुखापतीमुळे धावणे सुटल्यावर तिने डबल बास हाती घेतला. तिने २०१५ मध्ये कृष्णवर्णीय व अन्य वांशिक अल्पसंख्य वादकांसाठी ‘चिनेके!’ हा वाद्यवृंद स्थापन केला.

जॅझ परंपरा : जॅझमध्ये गजाचा उपयोग क्वचित होतो, तारा बहुधा बोटांनी छेडतात. प्रत्येक मात्रेला एक स्वर देत पुढे सरकणारी बासची पंक्ती एकाच वेळी लय आणि स्वरसंहती दोन्ही सांभाळते. आपल्याकडील तबला व तानपुरा यांची कामे एकाच वादकाने करावीत, तसा हा प्रकार होय. जिमी ब्लँटन (१९१८–४२) १९३९ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या वादकवृंदात आला. ‘जॅक द बेअर’ (१९४०) या रचनेत बासकडे चक्क प्रमुख भूमिका आली. एलिंग्टनने त्याच्याबरोबर केवळ पियानो व बास यांची युगुलवादनेही ध्वनिमुद्रित केली. क्षयाने तेविसाव्या वर्षी ब्लँटनचा अंत झाला. पण नंतरचा प्रत्येक जॅझ बासवादक त्याचा ऋणी आहे.

चार्ल्स मिंगस (१९२२–७९) प्रथम चेलो वाजवीत असे. त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीय चेलोवादकाला अभिजात वाद्यवृंदाचे दार बंद होते. म्हणून तो बासकडे वळला. भरदार व प्रसंगी उग्र असा त्याचा स्वर होता. लिटल रॉक येथील शाळेत कृष्णवर्णीय मुलांना १९५७ मध्ये अडविणाऱ्या राज्यपाल फॉबसचा उपहास करणारी ‘फेबल्स ऑफ फॉबस’ ही रचना त्याने १९५९ मध्ये शब्दांविना व १९६० मध्ये शब्दांसह मुद्रित केली. त्याच्या इच्छेनुसार त्याच्या अस्थी गंगेत विसर्जित करण्यात आल्या. रॉन कार्टर (जन्म १९३७) हाही वर्णभेदामुळेच चेलो सोडून बासकडे आला. माइल्स डेव्हिसच्या पंचकातील (१९६३–६८) त्याचे वादन आदर्श मानले जाते. २,२२१ ध्वनिमुद्रणांतील सहभागाबद्दल २०१५ मध्ये गिनेस विक्रमग्रंथात त्याची नोंद झाली.

स्कॉट लाफारो (१९३६–६१) याने पियानोवादक बिल एव्हान्स व तालवादक पॉल मोशन यांच्याबरोबर साथ आणि संवाद यांतील सीमारेषा पुसून टाकली. त्याचा बास पियानोला केवळ आधार देत नाही, तर त्याच्याशी बोलतो. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये झालेली त्यांची ध्वनिमुद्रणे विख्यात आहेत. त्यानंतर अकराच दिवसांनी लाफारो मोटार अपघातात दगावला. चार्ली हेडन (१९३७–२०१४) बालपणी कुटुंबाबरोबर आकाशवाणीवर गात असे. किशोरवयात पोलिओने त्याचा गळा अधू झाला व गाणे थांबले. त्याच्या मोजक्या, लोकगीतासारख्या स्वरांत ते हरवलेले गाणे जाणवते. १९७१ मध्ये पोर्तुगालमधील मैफलीत त्याने एक रचना पोर्तुगीज वसाहतींतील मुक्तिलढ्यांना अर्पण केली व त्यासाठी अटक पतकरली.

भारताशी संबंध : मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात डबल बासचा दीर्घकाळ वापर झाला. त्या वादकवृंदांत गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा होता. मात्र श्रेयनामावलीत वादकांची नावे क्वचितच येत. लाखो श्रोत्यांनी ज्यांचे वादन ऐकले, ते वादक बहुतांशी अनामच राहिले. पुढे विद्युत् बास गिटार व इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी डबल बासची जागा घेतली. अलीकडच्या काळात अमेरिकन वादक एडगर मायर (जन्म १९६०) याने झाकिर हुसेन यांच्याबरोबर मोठे काम केले. बेला फ्लेक व राकेश चौरसिया यांच्या सहभागाने २०२३ मध्ये निघालेल्या ‘ॲज वी स्पीक’ या संग्रहास २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार लाभला. त्यात मायरचा गजाने निघणारा खर्ज बासरीच्या सुरावटीखाली स्थिर आधार देतो व प्रसंगी स्वतःच गाऊ लागतो.

मूल्यमापन : वरील वादकांच्या शैली भिन्न असल्या, तरी एक गुण समान आहे. स्वतंत्र वादनाचे सामर्थ्य अंगी असूनही पाया सांभाळण्याचे काम त्यांपैकी बहुतेकांनी कमी प्रतीचे मानले नाही. डबल बास थांबला, की बाकीचे स्वर निराधार वाटू लागतात. तो वाजत असताना मात्र श्रोत्याचे लक्ष बहुधा इतरत्र असते. म्हणून या वादकांचे मर्म जाणण्यासाठी एखादी परिचित रचना पुन्हा लावून तीतील केवळ सर्वांत खालच्या स्वरपंक्तीचा मागोवा घ्यावा. तिच्या आधाराने वरची सुरावट कशी वळते, हे कळू लागले, की सबंध रचनेची बांधणी श्रोत्यास उलगडते.