संगणकाचा लॉगिन पासवर्ड विसरल्यास काय करावे?

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली आहे, दाखल्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती संगणकात आहेत आणि संगणक पासवर्ड स्वीकारत नाही. अशा वेळी अनेकजण घाईने दुकानात जाऊन संगणक 'फॉरमॅट' करून घेतात. संगणक सुरू होतो, पण दाखले, फोटो आणि हिशेबाच्या फायली नाहीशा होतात. पासवर्ड विसरला म्हणजे माहिती गेली असे नाही. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी काय करता येते, ते या लेखात विंडोज १० व विंडोज ११ संदर्भात दिले आहे. पडद्यावरील सूचना बहुधा इंग्रजीत असल्याने त्या उच्चारानुसार लिहिल्या आहेत.

मुदतीचे काम थांबवू नका

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, डिजिलॉकर किंवा उमंग यांवरील आपले खाते संगणकाच्या खात्याहून वेगळे असते. तेथे भरलेली माहिती आपल्या संगणकात नव्हे, तर त्या सेवेच्या सर्व्हरवर असते. त्यामुळे मोबाइलवरून, दुसऱ्या संगणकावरून किंवा जवळच्या सामान्य सेवा केंद्रातून (महाराष्ट्रात आपले सरकार सेवा केंद्रातून) काम पुढे नेता येते. पोर्टलचा पासवर्डही आठवत नसेल, तर त्या पोर्टलवरील 'फरगॉट पासवर्ड' हा पर्याय निवडा. त्यासाठी बहुतेक ठिकाणी नोंदणीकृत मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांसारखे अनेक दस्तऐवज डिजिलॉकरमधून पुन्हा मिळू शकतात.

पासवर्ड चुकीचा आहे, की कळफलक?

अनेकदा पासवर्ड बरोबर असतो, पण टंकलेखन चुकते. पुढील गोष्टी तपासा.

१. कॅप्स लॉक सुरू आहे का? पिनचे अंक उजवीकडच्या अंकपट्टीवरून देत असाल, तर नम लॉक सुरू आहे का?
२. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक बसवला असल्यास लॉगिन पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण दिसते. तेथे मराठी निवडलेली असेल, तर इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरी अक्षरे उमटतात. पडद्यावर मात्र फक्त ठिपके दिसतात. ही खूण दाबून इंग्रजी निवडा.
३. पासवर्डच्या चौकटीतील डोळ्याचे चिन्ह दाबून धरा. आपण काय टाइप केले ते दिसेल.
४. पिन आठवत नसेल, तर 'साइन-इन ऑप्शन्स' मधून पासवर्डचा पर्याय दिसतो का पाहा. पिन आणि पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अंदाजाने पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकू नका. काही नव्या संगणकांवर १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते १० मिनिटे बंद राहते.

खाते कोणत्या प्रकारचे आहे?

पुढचा मार्ग यावरच ठरतो. चुकीचा पासवर्ड दिल्यावर येणारा संदेश नीट वाचा. त्यात मायक्रोसॉफ्ट खात्याचा उल्लेख असेल, तर लॉगिन ईमेलशी जोडलेले आहे. तसा उल्लेख नसून 'रीसेट पासवर्ड' असा दुवा आला, तर ते बहुधा त्या संगणकापुरते, म्हणजे स्थानिक खाते आहे.

अ) मायक्रोसॉफ्ट खाते

मोबाइलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर पासवर्ड बदलता येतो. नोंदणीकृत मोबाइलवर किंवा पर्यायी ईमेलवर आलेला कोड द्यावा लागतो. त्यानंतर आपला संगणक इंटरनेटला जोडून नवा पासवर्ड वापरा. फायलींना धक्का लागत नाही. नोंदवलेला मोबाइल क्रमांक बंद झाला असल्यास खाते परत मिळवण्याचा अर्ज भरावा लागतो. खात्याची सर्व सुरक्षा माहिती एकदम बदलल्यास ३० दिवस थांबावे लागते.

आ) स्थानिक खाते

खाते तयार करताना सुरक्षा प्रश्न निवडले असतील, तर 'रीसेट पासवर्ड' दाबून त्यांची उत्तरे द्या. उत्तराचे स्पेलिंग पूर्वी लिहिले तसेच असावे लागते. 'पासवर्ड रीसेट डिस्क' म्हणून तयार केलेला पेन ड्राइव्ह असल्यास तोही चालतो. मात्र तो आधीच तयार केलेला असावा लागतो.

त्याच संगणकावर घरातील किंवा केंद्रातील दुसऱ्या व्यक्तीचे 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' खाते असेल, तर त्यातून आपला पासवर्ड बदलता येतो. मात्र असे केल्यास विंडोजच्या सोयीने कूटबद्ध केलेल्या फायली आणि जतन केलेले पासवर्ड गमावले जाऊ शकतात.

इ) कार्यालयाचे किंवा शाळेचे खाते

पासवर्ड बदलून देण्याचा अधिकार तेथील प्रणाली प्रशासकाकडे असतो. इतर कोणाकडून संगणक उघडून घेऊ नका.

डीएससी टोकनचा पासवर्ड वेगळा

ई-ग्रामस्वराज पोर्टलवर देयके मंजूर करण्यासाठी ग्रामपंचायती डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र, म्हणजे डीएससी, वापरतात. ते यूएसबी टोकनमध्ये असते आणि त्या टोकनला स्वतःचा पासवर्ड असतो. संगणकाचा पासवर्ड बदलला म्हणून तो बदलत नाही. ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर टोकन बंद पडते. म्हणून टोकनचा पासवर्ड आठवत नसल्यास प्रयोग न करता प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेशी संपर्क साधा.

दुरुस्तीच्या दुकानात जाण्यापूर्वी

वरील एकही मार्ग चालला नाही, तरच 'रीसेट धिस पीसी' मधील सर्व काही पुसण्याचा पर्याय उरतो. तत्पूर्वी तंत्रज्ञाला स्पष्ट सांगा: "आधी फायली काढून द्या, मग फॉरमॅट करा." डिस्क कूटबद्ध नसेल, तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून फायली उतरवता येतात. डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. मायक्रोसॉफ्ट खाते वापरत असाल, तर ती त्या खात्यात जतन झालेली असू शकते. दुसऱ्या संगणकावरून खाते उघडून पाहा. ती मिळाली नाही, तर कोणताही तंत्रज्ञ त्या फायली उघडू शकत नाही.

सावधगिरी

• पासवर्ड काढून देण्याचा दावा करणाऱ्या अनोळखी व्यक्तीला ओटीपी सांगू नका किंवा आपल्या संगणकाचा ताबा दूरून घेऊ देऊ नका.
• आर्थिक फसवणूक झाल्यास त्वरित १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करा.
• दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील ओळख-चोरीविषयक तरतुदीनुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आजच करून ठेवावे असे

संगणक सुरू असतानाच पुढील चार कामे करा.

१. मायक्रोसॉफ्ट खात्यात सध्या वापरात असलेला मोबाइल क्रमांक नोंदवा.
२. स्थानिक खात्यासाठी सुरक्षा प्रश्न निवडा.
३. बिटलॉकरची की कागदावर उतरवून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवा. संगणकाच्या पिशवीत नव्हे.
४. दाखले व हिशेबाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा.

या चार कामांना फार वेळ लागत नाही. ती केलेली असतील, तर पुन्हा कधी पासवर्ड विसरलात तरी अर्जाची मुदत चुकणार नाही आणि फायलीही हातच्या जाणार नाहीत.