रक्तांतील मेद आणि हृदय

कोलेस्टेरॉल हें नांव कानीं पडतांच पुष्कळ पालक भयभीत होतात. परंतु हा पदार्थ मूलतः शत्रु नव्हे. पेशींचीं आवरणें, पित्तरस व कित्येक अंतःस्राव त्यापासूनच घडतात, आणि त्याचा बराचसा भाग आपलें यकृतच तयार करतें. रक्तांत तें प्रथिनांच्या वाहनांतून फिरतें. त्यांपैकीं एलडीएल नामक वाहनें वाजवीपेक्षां अधिक झालीं कीं रोहिण्यांच्या भिंतींत मेदाचा थर सांचूं लागतो. वर्षानुवर्षें वेदना नसते. मग एके दिवशीं गुठळी होऊन हृदयाचा रक्तपुरवठा खुंटतो.

आपल्याकडील वनस्पति तुपाची कथा या बाबतींत बोधप्रद आहे. १९३७ सालीं डालडा बाजारांत आला आणि साजुक तुपाहून स्वस्त म्हणून घरोघरीं शिरला. पातळ तेल घट्ट करतांना जीं ट्रान्स मेदाम्लें उत्पन्न होत, तीं एलडीएल वाढवितात व हितकर एचडीएल घटवितात, हें फार उशीरां कळलें. १ जानेवारी २०२२ पासून भारतांत खाद्यतेल-तुपांत त्यांस शेंकडा २ ची मर्यादा घातली गेली.

भिवंडींत यंत्रमागांच्या पाळ्या रात्रींहि चालतात, आणि पाळी सुटल्यावर हातीं येतो तो वडा. वड्यावर माझा राग नाहीं. तेंच तेल पुन्हां पुन्हां तापविणाऱ्यावर मात्र आहे! घरीं तेल-तूप बेतानें वापरावें, उसळी-भाज्या वाढवाव्या, विडी-तंबाखू वर्ज्य करावी, रोज अर्धा तास झपझप चालावें. ज्या कुळांत कोणास पन्नाशीच्या आंत हृदयविकार झाला असेल, तेथें मुलांचेंहि रक्त तपासावें. हा दोष कधीं जन्मतःच येतो व सडपातळ मुलांतहि असतो. डॉक्टरांनीं स्टॅटिन दिलें असतां, आंकडा उतरला म्हणून तें आपण होऊन सोडूं नये. तो बहुधा त्या गोळीनेंच उतरलेला असतो.