बाण टेकवायचा कशावर?

वडोदऱ्याच्या पूर्वेला छोटा उदेपूरकडच्या राठवा-भिल्लांच्या पारंपरिक धनुष्याला ‘ॲरो रेस्ट’, म्हणजे बाण टेकवायचा आधार, नसते. धनुष्य बांबूचे, प्रत्यंचा बांबूच्या चिरफळीची आणि बाण टेकतो थेट मुठीवर.

चाकांच्या कंपाउंड धनुष्याचे तसे नाही; त्याला रेस्ट लागते. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते याच प्रकारात. परदेशातले शिकारीही बहुधा हेच वापरतात.

झाडीतून वाट काढणाऱ्या शिकाऱ्याला ‘व्हिस्कर बिस्किट’ ही रेस्ट बरी. तंतूंच्या कड्यात बाण चहूबाजूंनी अडकतो, धनुष्य तिरके झाले तरी पडत नाही, बिघडायला हलता भागही नाही. फक्त सुटताना पिसे तंतूंना घासतात आणि वेग किंचित घटतो.

‘ड्रॉप-अवे’ रेस्ट बाण सुटताच खाली झुकते, पिसे मोकळी जातात. अचूकतेसाठी हीच सरस; पण तिची दोरी केबलला किंवा धनुष्याच्या पात्याला बांधलेली असते आणि ती नीट जुळवली नाही तर सगळा फायदा पाण्यात. तपासणी सोपी आहे: रेस्टवर पायाला मारायची पावडर फवारून बाण सोडायचा. पावडर खरवडलेली दिसली, तर पिसे अजून आपटताहेत.